एमजीबी उजवीकडे कलते: पॅकिंग टाकण्याआधी दोष कुठल्या टोकाला आहे ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९७० सालची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), उजव्या हाताचं स्टिअरिंग, क्रोम बंपर. गाडी उजवीकडे कललेली दिसते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली तर उजवी बाजू पुढे २० मिलिमीटर आणि मागे ३० मिलिमीटर खाली आहे. मागचे दोन्ही पाटे (पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून केलेल्या स्प्रिंगा) नवे टाकले, तरी कल गेला नाही. आता गॅरेजवाला म्हणतो, पुढच्या उजव्या स्प्रिंगवर पॅकिंग (उंची वाढवणारी रिंग) टाकू, गाडी सरळ होईल. टाकू द्यावं का?

इतक्यात नको. पॅकिंग टाकल्यावर गाडी सरळ दिसेल यात शंका नाही. पण दोष मागे असेल आणि तुम्ही उपाय पुढे केलात, तर कल जाऊन त्या जागी दुसरी भानगड येते. चौरंगाचा एक पाय आखूड असताना भलत्याच पायाखाली कागदाची घडी सारली, तर वरचा पाट पातळीत आल्यासारखा वाटतो, पण चौरंग दोनच पायांवर उभा राहतो. गाडीचं तसंच होतं. पुढचा उजवा आणि मागचा डावा कोपरा जास्त भार घेतात, उरलेले दोन हलके पडतात. रोजच्या चालवण्यात ते कळत नाही. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की पुढचं डावं चाक आधी लॉक होतं, आणि मग मालक ब्रेकच्या मागे लागतो.

आता तुमचे आकडे बघू, कारण त्यातच एक गोष्ट दडलेली आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळी बॉडी एकसंध पत्र्याची आहे आणि उघडी गाडी असूनही चांगली ताठ आहे. ताठ बॉडी कलली तर पुढे आणि मागे एकाच कोनात कलणार. म्हणजे जमीन सपाट असेल, चारही टायर सारखे असतील, तर पुढचा आणि मागचा फरक जवळजवळ सारखाच यायला हवा. तुमच्याकडे पुढे २० आणि मागे ३० आहे. हे मधले १० मिलिमीटर स्प्रिंगच्या खात्यात मांडता येत नाहीत. ते एकतर जमिनीचे आहेत, नाहीतर टायरचे, नाहीतर मडगार्डचे. आधी ते काढून टाकू.

जमीन. इंग्लंडातल्या बऱ्याच घरगुती गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती असते, आणि बरेचदा एका कोपऱ्यात बसलेलीही असते. नुसता उतार चालतो. घात करते ती पिळलेली फरशी, म्हणजे चारांपैकी एकच कोपरा वर किंवा खाली. स्पिरिट लेव्हल इथे फारशी उपयोगी नाही, अंतर मोठं असतं. आपल्याकडे गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. चारही टायर जिथे टेकतात तिथे खडूने खुणा करा, गाडी बाहेर काढा, नळीत बुडबुडा राहिलेला नाही ना ते बघा आणि चारही खुणांची पातळी एकमेकींशी जुळवा. जिथे कमी पडेल तिथे प्लायवुडचा तुकडा किंवा जुनी फरशी ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण हे न करता घेतलेलं कुठलंही माप मी धरत नाही.

टायर चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि एकाच हवेवर हवेत. हवा चाक थंड असताना तपासा. चाकाच्या मध्यापासून मोजल्याने टायरचा दोष निघून जातो असं लोक समजतात. ते अर्धंच खरं आहे. एका चाकाचा मध्यच खाली असेल तर त्या कोपऱ्याची जमीन खाली असल्यासारखाच परिणाम होतो.

मडगार्ड. एमजीबीची पुढची मडगार्डं बोल्टने बसवलेली असतात आणि बोल्टच्या भोकांना ऐसपैस जागा असते. मागची वेल्ड केलेली असतात. पन्नास वर्षांच्या गाडीत यातलं एखादं तरी बदललेलं असतंच, आणि बदलणाऱ्याने दरवाज्याची फट सरळ यावी म्हणून ते पाच-सात मिलिमीटर वर-खाली केलेलं असतं. म्हणून मडगार्डच्या कडेवर विसंबू नका. जमिनीपासून बॉडीच्या मूळ ठिकाणांपर्यंत मोजा: पुढे क्रॉसमेंबर (पुढची स्प्रिंग आणि चाकं धरणारा आडवा तुळवा) जिथे बॉडीला बोल्टने धरलेला आहे तिथे, आणि मागे पाट्याच्या पुढच्या डोळ्यातल्या (टोकाच्या गोल वळशातल्या) बोल्टच्या मध्यापर्यंत. ही चार मापं कागदावर लिहून ठेवा, पुढे दर वेळी हीच लागतील.

मापं घेण्याआधी गाडी जॅकवर चढली असेल तर खाली उतरवल्यावर लगेच टेप लावू नका. पुढची चाकं लटकल्यावर आत ओढली जातात, खाली टेकल्यावर टायर जमिनीला चिकटून राहतो आणि गाडी पूर्ण बसत नाही. दोन-तीन मीटर मागे-पुढे ढकला, दोन्ही बंपर चारदा दाबून सोडा, मग मोजा. टाकी निम्मी ठेवा. बूटमधलं सामान काढून टाका. स्पेअर चाक मात्र जागेवर असू द्या.

एवढं झालं की खरी तपासणी. हिला अर्धा तास लागतो.

गाडी कलते तेव्हा पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगा एकमेकींशी भांडत असतात. मागची जोडी गाडी उजवीकडे ओढत असेल तर पुढची जोडी तिला सरळ करायला बघते, आणि आपल्याला दिसतो तो त्या भांडणाचा निकाल. दोघींना वेगळं करायचं असेल तर एका टोकाला गाडी मधोमध टेकवायची, म्हणजे ते टोक कलण्याबद्दल काहीच बोलू शकत नाही. मग दुसऱ्या टोकाचं म्हणणं स्पष्ट ऐकू येतं.

आधी अँटी-रोल बारची (वळणावर गाडी कलू नये म्हणून पुढच्या डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांडीची) एका बाजूची लिंक सोडवा. दोन्ही बाजूंच्या लिंकची लांबी कमी-जास्त असेल तर हा बारच गाडीला पीळ देतो, आणि निष्पाप स्प्रिंगांवर आळ येतो. लिंक सोडवताच कल बराचसा गेला तर तुमचं काम तिथेच संपलं. कल तसाच राहिला तर पुढे चला.

ट्रॉली जॅक मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या डिफरन्शिअलच्या गोळ्याखाली बरोबर मध्यावर लावा आणि मागची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढंच उचला. आता मागचा अ‍ॅक्सल जॅकवर तराजूच्या दांडीसारखा मोकळा आहे. गाडी हलवून सोडा आणि पुढच्या क्रॉसमेंबरची दोन्ही मापं घ्या. पुढे गाडी पातळीत आली तर पुढच्या स्प्रिंगा सारख्या आहेत आणि दोष मागे आहे. पुढे कल तसाच राहिला किंवा वाढला तर दोष पुढे आहे.

मग उलटं करा. मागची चाकं जमिनीवर, आणि जॅक पुढच्या क्रॉसमेंबरच्या मध्यावर. जॅकची वाटी रुंद असते आणि ती गाडीला कलू देत नाही, म्हणून वाटीवर गाडीच्या लांबीच्या दिशेने लाकडाची एक अरुंद पट्टी ठेवा. दोन्ही बाजूंना जॅक स्टँड उभे करा, बॉडीपासून दोन-तीन सेंटिमीटर खाली, म्हणजे गाडी घसरलीच तर त्यांवर बसेल. गाडी अशी अधांतरी असताना तिच्याखाली शिरायचं नाही. टेप बाहेरूनच लावा. आता जे माप मिळेल ते निव्वळ मागच्या पाट्यांचं.

या दुसऱ्या मापाकडे नीट लक्ष द्या. दोष मागे असेल तर पुढचं टोक मोकळं केल्यावर कल वाढतो, कारण त्याला सरळ धरणारी पुढची जोडी आता कामाला नाही. चारही चाकांवर २५ मिलिमीटर दिसणारा कल इथे ४० सुद्धा दिसू शकतो. दुरुस्ती त्या ४०ची करायची असते. बरेच जण चारही चाकांवरच्या आकड्याएवढी दुरुस्ती करतात, गाडी अर्धवटच सरळ होते, आणि मग उरलेलं पुढे पॅकिंग टाकून भागवतात.

तुमच्या बाबतीत मला मागच्या टोकाचा संशय जास्त आहे, पाटे नवे असूनही. किंबहुना नवे आहेत म्हणूनच.

पहिलं कारण बुश. एमजीबीच्या पाट्याच्या पुढच्या डोळ्यात रबर आणि पोलाद एकत्र चिकटवलेला बुश, म्हणजे बोल्टभोवतीची नळी, असतो. गाडी जॅकवर, अ‍ॅक्सल खाली लोंबत असताना बोल्ट आवळला तर बुशचं रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की रबर पिळलं जातं आणि स्वतःच एक लहानशी स्प्रिंग बनतं. एक बाजू आधी आवळली आणि दुसरी गाडी टेकल्यावर, तर दोन बाजूंची उंची वेगळी येणारच. वर तो बुश लवकर फाटतो ते वेगळंच. म्हणून सगळ्यात आधी हे करा: गाडी चारही चाकांवर उभी असताना पुढच्या डोळ्यांचे बोल्ट आणि मागच्या शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या पट्टीचे) नट, दोन्ही बाजूंचे, सैल करा. गाडी दाबून सोडा, मागे-पुढे ढकला, आणि तशीच उभी असताना पुन्हा आवळा. चाकांखाली रॅम्प असतील तर पाना फिरवायला जागा मिळते. पैसा लागत नाही, आणि माझ्याकडे नव्या पाट्यांनंतर आलेल्या कललेल्या गाड्यांपैकी बऱ्याच एवढ्यावर मार्गी लागल्या आहेत. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर हा दोष बहुतेक नसतो, कारण ते डोळ्यात फिरू शकतात.

दुसरं कारण पाटे स्वतः. आज मिळणारे पाटे वेगवेगळ्या ठिकाणी बनतात आणि एकाच खोक्यातली जोडीही सारखी असेल याची खात्री नाही. त्यात १९७४च्या उत्तरार्धात एमजीबीला काळे रबरी बंपर आले तेव्हा अमेरिकेतल्या नियमांसाठी गाडीची उंची इंच-दीड इंच वाढवली गेली. त्या गाड्यांच्या पाट्यांना कमान जास्त असते. दुकानदाराकडून एक पाटा क्रोम बंपरचा आणि एक रबर बंपरचा जाणं अशक्य नाही. जुने पाटे अजून जवळ असतील तर टाकू नका, तुलनेला उपयोगी पडतील.

पाटे काढावे लागले तर डाव्या-उजव्याची अदलाबदल करा आणि पुन्हा मोजा. कल दुसऱ्या बाजूला गेला तर पाटेच दोषी. कल उजवीकडेच राहिला तर पाटे निर्दोष, गडबड बॉडीत किंवा बसवणीत आहे. आणि कल नाहीसाच झाला, तर पहिल्या वेळी बसवतानाच काहीतरी चुकलं होतं. काढलेले पाटे शेजारी शेजारी ठेवून दोन्ही डोळ्यांच्या मध्यांमधून दोरी ताणा आणि सेंटर बोल्टजवळ मुख्य पट्टीपर्यंतची खोली मोजा. त्याचबरोबर प्रत्येक पाट्यातल्या पट्ट्यांची संख्या आणि प्रत्येकीची जाडी व्हर्नियरने बघा. नुसती कमान सारखी असून भागत नाही. एका बाजूचा पाटा मऊ असेल तर भाराखाली तीच बाजू खाली जाते.

बसवणीत बघण्याची जागा म्हणजे अ‍ॅक्सलची बैठक. पाट्याच्या वर आणि खाली रबरी पॅड असतात, आणि सेंटर बोल्टचं डोकं प्लेटच्या भोकात बसायला हवं. एका बाजूचा पॅड राहून गेला किंवा डोकं भोकात न बसता कडेवर चढलं, तर त्या बाजूची उंची बदलतेच, शिवाय अ‍ॅक्सल तिरका होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर खेकड्यासारखी चालते. दोन्ही बाजूंना पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून अ‍ॅक्सलच्या नळीपर्यंतचं अंतर मोजलं की हे लगेच कळतं.

आणि गंज. पाट्याचा पुढचा डोळा ज्या हँगरला लागतो तो सीटच्या मागे, सिलच्या (दरवाज्याखालच्या पत्र्याच्या पेटीच्या) शेवटाला आहे. पाणी आणि रस्त्यावरचं मीठ नेमकं तिथे साठतं. जाड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा आत गेला किंवा खपल्या निघाल्या तर उंचीचा विषय बाजूला ठेवा आणि गाडी चालवणं थांबवा, कारण मागचा अ‍ॅक्सल त्याच पत्र्याच्या भरवशावर आहे. पत्रा नवा दिसत असेल तरी विचारा की सिल कधी बदलली. वेल्डिंग करताना हँगर काही मिलिमीटर वर बसला असेल तर त्या बाजूला गाडी कायमची खाली राहते आणि कितीही पाटे बदलले तरी ती उठत नाही.

समजा पाट्यांतच फरक निघाला. विकणाऱ्याने जोडी बदलून दिली तर उत्तम. नाहीतर पाट्याला पुन्हा कमान देणारा कारागीर गाठा. इंग्लंडात असे कारखाने थोडे उरले आहेत. महाराष्ट्रात मात्र ट्रकच्या अड्ड्यांवर हे काम करणारे अजून सापडतात, फक्त त्यांना बजावून सांगावं लागतं की जादा पट्टी घालायची नाही. ट्रकला ती चालते, नऊशे-साडेनऊशे किलोच्या गाडीला तिने पाटा दगडासारखा होतो. आणखी एक मार्ग म्हणजे उंच बाजूला अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये पातळ ब्लॉक घालणं. एमजीबीत पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असतो, त्यामुळे ब्लॉकने गाडी खाली येते, वर जात नाही. म्हणजे तुमच्या गाडीत तो डावीकडे लागेल. यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळून धरणारे) तेवढे लांब आहेत का ते बघा, आणि बंप स्टॉपला (अ‍ॅक्सल बॉडीवर आपटू न देणाऱ्या रबराला) पुरेशी जागा उरते ना तेही. लांब शॅकल लावून उजवी बाजू उचलण्याचा सल्लाही कोणी देईल. तो मला पटत नाही. अ‍ॅक्सलचा कोन बदलतो आणि गाडी वळणावर सैल वाटते.

दोष पुढे निघाला तर गोष्ट त्या मानाने सरळ आहे. क्रॉसमेंबर आणि बॉडी यांच्यामधले रबरी पॅड एका बाजूला चेपले आहेत का ते आधी बघा. ते ठीक असतील तर स्प्रिंग, आणि इथे गॅरेजवाल्याचं पॅकिंग योग्य ठरतं. लक्षात ठेवण्याचा हिशेब असा: स्प्रिंग खालच्या विशबोनच्या (चाकाला क्रॉसमेंबरशी जोडणाऱ्या हाताच्या) साधारण मध्यावर बसते, म्हणून स्प्रिंगजवळचा एक मिलिमीटर चाकाजवळ दोन होतो. ६ मिलिमीटरच्या रिंगने गाडी १२ मिलिमीटर उठते. २० मिलिमीटरचा कल बघून २० मिलिमीटरचं पॅकिंग टाकणारे मी पाहिले आहेत. स्प्रिंगचे वेढे कापणं किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून ती बसवणं यांच्या वाटेला जाऊ नका. तापवलेली स्प्रिंग किती बसेल हे कोणाच्या हातात नसतं.

स्प्रिंग काढण्याचं काम सवय नसेल तर स्वतः करू नका. बॉडी स्टँडवर, जॅक स्प्रिंगच्या वाटीखाली, स्प्रिंगमधून साखळी घालून ती क्रॉसमेंबरला बांधलेली, आणि मगच वरची पिन काढून जॅक सावकाश उतरवायचा. हब दोरीने वर बांधून ठेवा, नाहीतर त्याचं वजन ब्रेकच्या नळीवर येतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच: शॉकअप बदला. एमजीबीचे मूळ शॉकअप तेलाचे, दांडीचे आहेत. ते गाडीचं वजन पेलत नाहीत, स्प्रिंगची उसळी फक्त आवरतात. उभ्या गाडीच्या उंचीशी त्यांचा संबंध नाही. गाडी उसळत असेल तर जरूर बदला, कल जाईल या आशेने नको.

किती फरक सोडून द्यावा? रिकाम्या गाडीत सहा-सात मिलिमीटरपर्यंत मी हात लावत नाही. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेल्या नव्या गाड्याही याहून फार काटेकोर नव्हत्या. उलट तुम्ही बहुतेक एकटेच गाडी चालवत असाल तर उजवी बाजू रिकाम्या गाडीत चार-पाच मिलिमीटर वर असलेली मला आवडते, कारण एकटा चालक बसला की गाडी त्याच्या बाजूला सेंटिमीटरभर खाली जाते. शेवटचं माप घेताना ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतक्या तांदळाच्या किंवा वाळूच्या पिशव्या ठेवा.

सगळं जागेवर आल्यावर, गाडी चाकांवर उभी असताना अँटी-रोल बारची लिंक परत लावा. तिचा बोल्ट बोटांनी ढकलून आत जायला हवा. टॉमीने (लोखंडी दांड्याने) ओढून बसवावा लागला तर लिंकची लांबी चुकीची आहे आणि तुम्ही कल परत आणताय. उंची बदलली की पुढच्या चाकांचा टो (चाकं किंचित आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बदलतो, तेव्हा अलाइनमेंट करून घ्या, आणि हेडलाइटचा झोतही तपासा. पाट्यांना हात लावला असेल तर दोन-तीनशे मैल गाडी चालवा, यू-बोल्ट पुन्हा आवळा आणि मग त्याच चार खुणांवर गाडी उभी करून तीच चार मापं परत घ्या. पॅकिंग, ब्लॉक यांचा विचार त्यानंतर. जॅकवरच्या दोन्ही तपासण्यांचे आकडे पाठवलेत तर किती जाडीचं काय लागेल ते सांगू शकेन.